विश्लेषण : घरे बांधून पाणथळ जागा कशी वाचली? पीटर स्कॉट कोण होते?

पीटर स्कॉट कोण?

दक्षिण ध्रुवावरून परतताना प्राण गमावलेले कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचे ते पुत्र. जन्म लंडनमध्ये, १९०९ चा. तरुणपणी पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक सुटली, कुंचला आणि दुर्बीण राहिली. १९४६ मध्ये त्यांनी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. हवाई बेटांवरचा ‘नेने’ हा कलहंस नामशेष होण्याच्या बेतात होता. स्लिमब्रिजमध्ये त्याची पैदास करून पक्षी परत हवाईला पाठवण्यात आले. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांपैकी ते एक. पांडाचे बोधचिन्हही त्यांचेच.

लंडनमध्ये काय घडले?

थेम्सकाठच्या बार्न्स भागातील पाणीपुरवठ्याचे चार जुने जलाशय निरुपयोगी ठरले होते. तिथे शहरवासीयांना पक्षी दिसावेत, हे स्कॉट यांचे स्वप्न. ते पूर्ण होण्याआधीच १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेने काम पुढे नेले. जलाशयांच्या जागेपैकी काही भाग घरांसाठी विकला गेला. त्या पैशातून उरलेल्या सुमारे ४० हेक्टरवर तळी, दलदल आणि गवताळ कुरणे तयार झाली. २००० मध्ये केंद्र खुले झाले. २००२ मध्ये जागेला कायद्याचे संरक्षण मिळाले.

यातून काय शिकावे?

काही भाग गेला, हे खरेच. पण घरांनी पाणथळीचा खर्च उचलला. एखाद्या गृहप्रकल्पाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणण्याआधी एवढेच तपासावे : घरांमुळे पाणथळ मिळाली, की पाणथळ बुजवून घरे?