बांध कोरणारे आणि बाबासाहेब

उपासक-उपासिकांनो, आपल्या बीड जिल्ह्यात बांधावरची भांडणं आपण सगळेच पाहतो. शेजाऱ्यानं यंदा वीतभर बांध कोरला आणि आपण गप्प बसलो, की पुढच्या साली तो हातभर आत येतो. मग कुऱ्हाडी निघतात आणि दोन्ही घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. देशांचंही असंच होतं. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन महायुद्धांत हे अनुभवले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजींच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धे टाकून ते परतले. त्यांची पुस्तकं आणणारी बोट जर्मनांनी बुडवली.

पुढे हिटलरने बांध कोरायला सुरुवात केली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतला. त्याच साली म्युनिकला इंग्लंड-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग त्याला देऊन टाकला. एवढ्यानं त्याचं पोट भरेल असं त्यांना वाटलं. पण मार्च १९३९ मध्ये त्याने प्राग घेतले, १ सप्टेंबरला पोलंडवर चाल केली आणि महायुद्ध पेटले. पूर्वेकडे जपानने १९३१ मध्ये मांचुरिया गिळला, १९३७ मध्ये तो चीनमध्ये घुसला, १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेऊन आपल्या सीमेवर आला.

हिटलर जिंकला तर समतेचा विचारच संपेल, हे बाबासाहेबांनी ओळखले. त्यांनी आपल्या तरुणांना सैन्यात जायला सांगितले. १९४१ साली बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. नोव्हेंबरात मुंबई रेडिओवरून त्यांनी कामगारांना समजावले, की नुसत्या विजयाने भागणार नाही. पुढची घडी स्वातंत्र्य, समता, बंधुतेची पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नंतर निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य कोलियांवर युद्धाला निघाले. सिद्धार्थाने दोघं इकडचे, दोघं तिकडचे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच सुचवले. संघाने ऐकले नाही. सिद्धार्थाने शस्त्र न धरता घर सोडले.

आक्रमकापुढं वाकायचं नाही आणि पंचांआधी कुऱ्हाड उचलायची नाही, हे दोन्ही धडे आपण बाबासाहेबांकडून घेऊ या आणि आपल्या बांधापासूनच सुरुवात करू या.

नमो बुद्धाय! जय भीम!