रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या माळी समाजातील ज्या थोर पुरुषांचे नाव ज्ञातीच्या सीमा ओलांडून गेले, त्यांत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. प्रथम रेल्वेत व टपालखात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईतील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले आणि तेथेच कामकऱ्यांचे हाल त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रे चालत आणि आठवड्याची सुट्टी ठाऊकच नव्हती. हे कामकरी मुंबईचे नव्हते. कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याचा, तर उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान जुलाहे मदनपुऱ्यात येऊन राहिलेले. मुकादम आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस कामावर लावी. त्यामुळे चाळीही गावागावांच्या व जातीजातींच्या झाल्या होत्या. मालकांस ही विभागणी सोयीचीच होती, हे उघड आहे.

सत्यशोधक समाजात जोतीराव फुले ह्यांच्या सहवासात घडलेल्या लोखंडे ह्यांनी १८८० साली ‘दीनबंधु’ पत्राची धुरा मुंबईत हाती घेतली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामकऱ्यांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज त्यांनी तयार करविला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई अशा त्यातील मागण्या होत्या. मागणारा कोणत्या मुलखाचा, कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्या अर्जात कोठेच नव्हता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामकरी जमले आणि दोन कामकरी स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

परंतु खरी कसोटी १८९३ साली लागली. काठेवाडातील प्रभासपाटणच्या दंग्याची बातमी मुंबईत येऊन भिडली आणि ११ ऑगस्ट रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, शहरात हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटला. ८० च्या आसपास माणसे प्राणास मुकली. ज्या गिरणीकामकऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी एकत्र उभे राहून सुट्टी मिळविली होती, त्यांच्यातीलही पुष्कळ जण त्या वणव्यात ओढले गेले. अशा वेळी आपल्या बाजूची फिर्याद मांडणे सोपे असते, आणि त्या काळच्या कित्येक पुढाऱ्यांनी तेच केले. लोखंडे ह्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या लोकांचा ऐक्यमेळावा भरविला. सुट्टीची लढाई मालकाशी होती. ही आपल्याच माणसांच्या रागाशी होती, आणि आमच्या मते तीच अधिक बिकट. चरित्रकार मात्र रविवारच्या सुट्टीवर पाने भरतात व ह्या मेळाव्यास दोन ओळींत गुंडाळतात.

सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ साली मुंबईत प्लेगचा फैलाव झाला. गिरण्या ओस पडू लागल्या आणि हजारो कामकरी बोटींनी व आगगाड्यांनी आपापल्या मुलखास परतले. लोखंडे मात्र शहरातच राहून रोग्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था करीत राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले.