एड्सगर डाइक्स्ट्रा

ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे देत आहो, ते सन २००२ मध्ये निवर्तले. आजच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी त्या वेळी कोणी जन्मासही आले नव्हते. तथापि कपडे धुण्याच्या यंत्रात अथवा लिफ्टमध्ये जो नखाएवढा गणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बसविलेला असतो, त्याच्या बिनचूकपणाचा विचार या गृहस्थांनी तो जन्मास येण्यापूर्वीच करून ठेविला होता.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म हॉलंडातील रॉटरडॅम शहरी ११ मे १९३० रोजी झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, मातोश्री गणितात निपुण. लायडन येथे पदार्थविज्ञान शिकत असता १९५१ साली केंब्रिजास जाऊन ते गणकयंत्रासाठी आज्ञावली लिहिण्याची विद्या तीन आठवड्यांत शिकून आले, व पुढील वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेत त्याच कामावर रुजू झाले. हा व्यवसाय इतका नवा होता की, १९५७ साली विवाहाच्या नोंदीत त्यांनी आपला धंदा प्रोग्रॅमर असा सांगितला, तेव्हा तो मान्यच झाला नाही. अखेर पदार्थवैज्ञानिक असे लिहावे लागले!

त्याच सुमारास त्यांचे सहकारी लूपस्ट्रा व स्कोल्टेन हे एक्स-१ नामक नवे यंत्र रचीत होते. जुन्या यंत्रांत टंकयंत्राचे एक अक्षर उमटेपर्यंत भरधाव गणकास ताटकळत बसावे लागे. नवी योजना अशी की, गणकाने आपले गणित चालू ठेवावे; टंकयंत्र मोकळे झाले म्हणजे त्यानेच खूण करून गणकास थांबवावे, आणि त्याचे काम उरकून गणकाने पुन्हा मूळ गणिताकडे वळावे. यासच इंटरप्ट किंवा व्यत्यय म्हणतात. पोळ्या लाटताना दाराची कडी वाजली की आई तवा उतरवून जाते, व परत आल्यावर अर्धी राहिलेली पोळीच पुढे लाटू लागते, तसाच हा प्रकार.

ही योजना ऐकून डाइक्स्ट्रा घाबरून गेले. कडी कोणत्या क्षणी वाजेल याचा नेम नाही. तेव्हा आज्ञावली हजार वेळा बरोबर चालून एखादे वेळी चुकावयाची, आणि ती चूक पुन्हा करून दाखविता न आल्यामुळे शोधावी तरी कशी? मित्रांनी गोडीगुलाबीने त्यांचे मन वळविले, तेव्हा त्यांनी प्रश्न गणितज्ञाच्या रीतीने हाती घेतला. व्यत्ययाच्या वेळी यंत्राची स्थिती इतकी पुरती जपून ठेविता येईल काय, की कोणत्याही प्रसंगी मूळ गणित काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालेल? उत्तर निघाले ते नकारार्थी! मित्रांना आपला आराखडा बदलणे भाग पडले. ती चूक प्रत्यक्षात घडण्याचा योग फार विरळा होता. यंत्र नुसते चालवून पाहिले असते तर ती सापडली नसती. म्हणूनच आम्हांस त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग पुढील सर्व मानमरातबांहून मोलाचा वाटतो. १९५९ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषयही एक्स-१ यंत्राशी चालणारा हाच व्यवहार होता. यानंतरही बाजारातील नव्या यंत्रांच्या व्यत्ययरचनेत त्यांना दोष आढळत राहिले.

आता आर्डुइनोच्या पाटीवर असणारा एटमेगा-३२८ हा गणक पाहा. त्याचे सेकंदास १ कोटी ६० लाख ठोके पडतात. खूण येताच तो हातची आज्ञा पुरी करतो, पुढील आज्ञेचा पत्ता स्टॅक नामक चळतीवर ठेवतो, दुसरा व्यत्यय येऊ नये म्हणून दार लावून घेतो व त्या खुणेसाठी नेमलेल्या पत्त्यावर जातो. याला किमान ४ ठोके लागतात. काम संपले की चळतीवरील पत्ता उचलून, दार उघडून, तो परत फिरतो. मात्र मागील बेरजेत हातचा आला की नाही इत्यादी खुणांचा कप्पा तो आपण होऊन जपत नाही. ती काळजी आज्ञावलीत घ्यावी लागते.

एवढ्यानेही भागत नाही. हा गणक एका वेळी आठच बिटे वाचतो. २५५ हून मोठ्या आकड्याचे त्यास दोन तुकडे करावे लागतात. समजा, मोजणी २५५ वर आहे. त्याने खालचा तुकडा २५५ वाचला, इतक्यात व्यत्यय येऊन मोजणी २५६ झाली. आता वरचा तुकडा १ मिळतो, त्याची किंमत २५६, बेरीज ५११! अशा वाचनापुरते दार मुद्दाम लावून घ्यावे लागते. एकाच वस्तूवर दोघांचा हात एकदम पडू नये, यासाठी डाइक्स्ट्रा यांनी १९६२ नंतर आइंडहोव्हन येथे अध्यापक असता सेमाफोरची युक्ती काढली. हे नाव रेल्वेच्या सिग्नलावरून घेतलेले आहे.

१९७२ साली त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. १९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिन येथे शिकवीत होते. न्यूनेन येथील आपल्या घरी ६ ऑगस्ट २००२ रोजी ते कर्करोगाने वारले. त्यांची क्रमांक घातलेली १३०० हून अधिक टिपणे मागे राहिली, त्यांतील बरीचशी फाउंटनपेनाने लिहिलेली. आणि अखेरच्या काही टिपणांपैकी एकात एक्स-१ च्या व्यत्ययाने आपण कसे घाबरलो होतो ते त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.