विमान अपघातात अख्खी टीम उद्ध्वस्त झाली, पण पुढच्याच सीझनला मॅट बस्बीने युनायटेडला दोन नंबरवर आणलं

२३ ऑगस्ट १९५८. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा नवा सीझन सुरू होत होता. मँचेस्टर युनायटेडची पहिली मॅच घरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, चेल्सीशी होती. युनायटेडचा मॅनेजर ४९ वर्षांचा होता. साडेसहा महिन्यांपूर्वी याच माणसावर जर्मनीतल्या एका हॉस्पिटलमध्ये मरणाआधीचे धार्मिक संस्कार करून झाले होते, तेही दोनदा. त्याच्या टीममधले आठ खेळाडू आता जिवंत नव्हते. दोघं वाचले होते, पण ते पुन्हा कधी खेळणार नव्हते.

त्या दिवशी युनायटेडने चेल्सीला ५-२ ने हरवलं. २० वर्षांच्या बॉबी चार्लटनने त्यातले तीन गोल मारले.

सर मॅट बस्बी म्हटलं की लोकांना आठवतो तो १९६८ चा युरोपियन कप. १९५८-५९ च्या सीझनबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण त्या वर्षी युनायटेडला एकही ट्रॉफी मिळाली नाही. पण बस्बीची खरी परीक्षा झाली ती याच वर्षी.

बस्बीचा जन्म २६ मे १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या बेल्सहिलजवळच्या खाणकामगारांच्या वस्तीतला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारले गेले. त्या युद्धात घरातली आणखीही माणसं गेली. मॅट मोठा झाला तसा तोही खाणीत उतरला. आईने अमेरिकेला जायचं ठरवलं होतं आणि पोरगाही सोबत निघणार होता. तेवढ्यात १९२८ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं. आठवड्याला पाच पौंड पगार.

सुरुवातीला काही जमेना. पुढे खेळवलं जायचं, तिथे त्याचा जम बसत नव्हता. १९३० मध्ये युनायटेडने त्याच्याबद्दल चौकशी केली होती, पण सिटीने मागितलेले १५० पौंड द्यायला युनायटेडकडे पैसे नव्हते! पुढे त्याला मधल्या फळीत मागे खेळवलं आणि गाडी रुळावर आली. १९३४ मध्ये सिटीने एफए कप जिंकला तेव्हा तो टीममध्ये होता. त्या टीमचा गोलकीपर होता फ्रँक स्विफ्ट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १९३६ मध्ये बस्बी लिव्हरपूलला गेला, मग दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली.

१९४५ मध्ये युनायटेडने त्याला मॅनेजर केलं. क्लबची अवस्था काय होती? १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डची वाट लागली होती, त्यामुळे घरच्या मॅच सिटीच्या मैदानावर भाडं भरून खेळाव्या लागत. ऑफिस होतं ते अध्यक्षांच्या शीतगृहाच्या इमारतीत. बस्बीने अट घातली, टीम कोणती हे मी ठरवणार. त्या काळी बऱ्याच क्लबांत हे काम संचालक मंडळ करायचं. मॅनेजर सूट घालून ऑफिसात बसायचा. बस्बी मात्र ट्रॅकसूट घालून पोरांबरोबर सरावाला उतरायचा. इटलीत सैनिकांपुढे बोलताना ऐकलेल्या जिमी मर्फी नावाच्या माणसाला त्याने आपला सहकारी म्हणून आणलं.

१९४८ मध्ये एफए कप आला, १९५२ मध्ये लीग. लीग जिंकायला युनायटेडला ४१ वर्षं लागली होती. पण ती टीम म्हातारी होत चालली होती. बस्बीने महागडे खेळाडू विकत घेत बसण्यापेक्षा शाळकरी वयाची पोरं गोळा केली आणि क्लबमध्येच वाढवली. १९५६ आणि १९५७ अशी दोन वर्षं या पोरांनी लीग जिंकली. पेपरवाल्यांनी त्यांना नाव दिलं, बस्बी बेब्ज. म्हणजे बस्बीची बाळं.

आता मुद्दा युरोपचा. युरोपियन कप नुकताच सुरू झाला होता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगला ही भानगड नको होती. १९५५ मध्ये चेल्सीने लीगचं ऐकून माघार घेतली. बस्बीने ऐकलं नाही. १९५६ मध्ये युनायटेड या स्पर्धेत खेळणारा पहिला इंग्लिश क्लब ठरला. मॅच आठवड्याच्या मधल्या दिवशी असायच्या आणि शनिवारी लीगच्या मॅचला परत हजर राहावंच लागायचं.

५ फेब्रुवारी १९५८ ला बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ बरोबरी करून युनायटेड सेमीफायनलला पोहोचलं. शनिवारी वुल्व्ह्जशी मॅच होती. दुसऱ्या दिवशी परतताना इंधनासाठी विमान म्युनिकला उतरलं. रनवेवर बर्फाचा चिखल साचला होता. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी विमानाला हवा तेवढा वेग आलाच नाही, ते रनवे सोडून पुढच्या घरावर आदळलं. ४४ पैकी २३ जण गेले. कॅप्टन रॉजर बर्न गेला, टॉमी टेलर गेला. डंकन एडवर्ड्स १५ दिवस झुंजून हॉस्पिटलमध्ये गेला, वय अवघं २१. क्लबचा सेक्रेटरी आणि दोन ट्रेनरही गेले. पत्रकार म्हणून सोबत आलेला फ्रँक स्विफ्टही गेला.

बस्बीची छाती चिरडली होती. कोण गेलं हे त्याला बरेच दिवस सांगितलंच नव्हतं. शेवटी त्याने बायकोकडे, जीनकडे, एकेक नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. ती फक्त मान हलवून हो किंवा नाही सांगत होती.

त्यानंतर त्याने फुटबॉल सोडायचं ठरवलं. पोरांना युरोपात नेण्याचा हट्ट आपलाच होता, तिसऱ्यांदा उड्डाण होताना आपण गप्प बसलो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. जीनने त्याला समजावलं, की गेलेल्या पोरांना त्याने हे काम पुढे चालवलेलंच आवडलं असतं. ७१ दिवसांनी तो मँचेस्टरला परतला.

तोवर किल्ला मर्फीने लढवला होता. वेल्सच्या टीमच्या कामामुळे तो त्या विमानात नव्हता. अपघातानंतर १३ दिवसांनी पहिली मॅच झाली, तेव्हा छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या जागा कोऱ्या होत्या. राखीव पोरं, घाईने आणलेले दोघं आणि विमानातून वाचलेले दोघं अशी टीम उभी केली गेली. लोकांच्या भावनेच्या जोरावर ती थेट एफए कपच्या फायनलपर्यंत गेली आणि बोल्टनकडून हरली. लीगमध्ये मात्र हाल झाले. म्युनिकनंतर लीगची एकच मॅच जिंकता आली आणि नंबर आला नववा.

म्हणजे ऑगस्टमध्ये बस्बीने पुन्हा सूत्रं हातात घेतली तेव्हा सहानुभूतीची लाट ओसरली होती. फर्स्ट डिव्हिजन म्हणजे त्या काळातली सगळ्यात वरची लीग, आणि ४२ मॅच काही भावनेवर निघत नाहीत. चेल्सीला हरवलं खरं, पण शरद ऋतूत टीम घसरली. सप्टेंबरमध्ये बस्बीने शेफील्ड वेन्सडेकडून अल्बर्ट क्विक्सॉलला ४५ हजार पौंडांना आणलं. ब्रिटनमधला तेव्हाचा तो विक्रमी सौदा होता. पोरं घडवणाऱ्या माणसाला एवढे पैसे मोजावे लागले, यातच किती पोकळी पडली होती ते कळतं. वर क्विक्सॉल आल्यावर कितीतरी आठवडे एकही मॅच जिंकता येईना. १५ नोव्हेंबरला बोल्टनने ६-३ ने धुतलं.

त्याच मॅचमध्ये उजव्या बाजूला एक नवा गडी खेळत होता, वॉरन ब्रॅडली. हा पेशाने शाळामास्तर. म्युनिकनंतर बिशप ऑकलंड या हौशी क्लबने मदत म्हणून पाठवलेल्या तिघांपैकी एक. तो टिकला, आणि त्याच सीझनच्या शेवटी इंग्लंडकडूनही खेळला. विमानातून वाचलेला हॅरी ग्रेग गोलमध्ये होता, बिल फोक्स बचावात, पुढे चार्लटन आणि डेनिस व्हायोलेट. हे चौघंही त्या रनवेवरून परतलेले.

बोल्टनच्या पराभवानंतर युनायटेडने लीगच्या ओळीने आठ मॅच जिंकल्या. जानेवारीत एफए कपमध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या नॉर्विचने ३-० ने हरवून नाक कापलं, पण लीगमधली घोडदौड थांबली नाही. फेब्रुवारीत, म्युनिकला एक वर्ष होऊन गेल्यावर, वुल्व्ह्ज ओल्ड ट्रॅफर्डवर आले. याच टीमशी खेळायला परतताना ते विमान पडलं होतं. युनायटेडने २-१ ने मॅच काढली.

सीझन संपला तेव्हा वुल्व्ह्ज ६१ पॉइंट्ससह चॅम्पियन, युनायटेड ५५ पॉइंट्ससह दुसरं. तेव्हा जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे. युनायटेडचे गोल होते १०३, त्यातले चार्लटनचे एकट्याचे २९ आणि व्हायोलेटचे २१. त्याच वर्षी युरोपातल्या आयोजकांनी सन्मान म्हणून युनायटेडला युरोपियन कपचं आमंत्रण दिलं होतं. इंग्लंडमध्ये त्यालाही परवानगी मिळाली नाही.

हा दुसरा नंबर टिकला नाही, हेही खरं. पुढची काही वर्षं टीम मधेच रेंगाळली, १९६३ मध्ये तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचली. मग डेनिस लॉ, जॉर्ज बेस्ट, १९६५ आणि १९६७ ची लीग. २९ मे १९६८ ला वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ ने हरवून युरोपियन कप जिंकला, तेव्हा मैदानावर म्युनिकमधून वाचलेले दोघंच होते, चार्लटन आणि फोक्स.

बस्बीचं निधन २० जानेवारी १९९४ ला झालं, वयाच्या ८४ व्या वर्षी. दोन दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर एव्हर्टनशी मॅच होती. मॅचआधी दोन्ही टीम मैदानावर आल्या त्या एकट्या बॅगपाइपवाल्याच्या मागून, स्कॉटलंडच्या वाद्यावर.