परवाना नाकारलेला माणूस

गेल्या वर्षी आजोबा गेले आणि त्यांची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आमचे घर गावापासून दूर, मळ्यात. परवाना वडिलांच्या नावावर करून घ्यावा की नाही, यावरून घरात दोन तट पडले. काकांचे म्हणणे, रात्री-अपरात्री आपल्या हाकेला कोण धावून येणार? आईचे म्हणणे, घरात लहान मुले आहेत, ती वस्तू पुन्हा उंबऱ्याच्या आत नको. मला विचारले तेव्हा मी गप्प बसलो.

त्याच सुमारास आपल्या ग्रंथालयात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे चरित्र हाती आले. अहिंसेचा हा उपासक एकेकाळी शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज करून बसला होता, हे वाचून मी चकित झालो.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९५४ साली अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे ते स्वतः धर्मोपदेशक झाले. तेथे बसमध्ये कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उठण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून बसवर बहिष्कार सुरू झाला. त्याचे नेतृत्व आले अवघ्या सव्वीस वर्षांच्या किंग यांच्याकडे.

धमक्यांना सुमार राहिला नाही. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बाँब फुटला. आत पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दैव बलवत्तर म्हणून दोघी वाचल्या. घरासमोर संतप्त जमाव गोळा झाला. त्यात काही जण सशस्त्र होते. किंग यांनी त्यांना शांतपणे घरी परत पाठविले.

पण घर सांभाळायचे कसे? किंग यांनी शेरीफच्या कचेरीत जाऊन मोटारीत बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला! ज्याच्या घरावर बाँब पडला, त्यालाच संरक्षणाचे साधन नाही. घरात मात्र शस्त्रे होतीच. बेयार्ड रस्टिन हे ज्येष्ठ कार्यकर्ते भेटीस आले, तेव्हा त्यांच्याबरोबरचे पत्रकार ज्या खुर्चीवर बसणार होते तिच्यातच पिस्तूल पडलेले होते. रस्टिन यांनी वेळीच सावध केले म्हणून बरे.

किंग यांच्या मनात द्वंद्व सुरू झाले. लोकांना अहिंसा शिकवायची आणि आपण उशाशी शस्त्र ठेवायचे, हे कसे जमावे? पती-पत्नींनी विचार करून शस्त्र घरातून काढून टाकले. घराभोवती प्रखर दिवे लावले, निःशस्त्र पहारेकरी नेमले. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि यशस्वी झाला. १९५९ साली किंग दांपत्य भारतात आले, मुंबईच्या मणिभवनातही गेले.

त्याच वर्षी रॉबर्ट विल्यम्स या कार्यकर्त्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. विल्यम्स यांना सशस्त्र प्रतिकार हवा होता. घरावर चालून आलेल्याला रोखण्याचा माणसाचा हक्क किंग यांनी नाकारला नाही. संघटित चळवळीचे साधन म्हणून मात्र त्यांनी हिंसा नाकारली. हा भेद मला मोलाचा वाटला.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे दुरून झाडलेल्या रायफलच्या गोळीने किंग यांचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९७४ साली त्यांच्या मातोश्री अटलांटाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असता गोळीबारात ठार झाल्या.

आज दोन्ही पक्ष किंग यांचाच दाखला देतात. एक म्हणतो, अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना ठेवला की दुर्बळालाच तो मिळत नाही. २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी मर्जी चालविणारे नियम घटनाबाह्य ठरविले. दुसरा म्हणतो, ज्या देशात बंदूक सहज मिळते, तेथे ती प्रथम मारेकऱ्याच्या हाती जाते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, हीच तर अडचण!

मी वडिलांना हे सारे सांगितले. दिव्याने गोळी अडत नाही, हे काकांचे म्हणणे खोटे नाही. पण दुरून आलेली ती गोळी पिस्तुलानेही अडली नसती. किंग यांनी हक्क सोडला नव्हता, भीतीच्या हाती घराची किल्ली देण्याचे नाकारले होते. म्हणून आधी खळ्यात मोठा दिवा लावावा आणि शेजारच्या मळेकऱ्यांशी रात्रीच्या पहाऱ्याचे ठरवावे, असे मी सुचविले.

दिवा लागला आहे. पहाऱ्याच्या पाळ्याही ठरल्या आहेत. परवान्याचा अर्ज मात्र अजून वडिलांच्या कपाटात आहे, कोराच.

— तृतीय वर्ष, कला