कीटकांचे बालपण लांबविणारे शास्त्रज्ञ : कॅरोल विल्यम्स

कर्जत-खालापूरकडे ज्यांची भातखाचरे आहेत, त्यांस खोडकिड्याची ओळख करून द्यावयास नको. त्याची अळी खोडात शिरून गाभा खाते, आणि लोंबी पांढरी, दाण्यावाचून उभी राहते. त्यावर विष फवारावे, तर खाचरातील मासे, खेकडे व बेडूकही मरतात. विषावाचून कीड आवरण्याची एक वाट कॅरोल विल्यम्स यांनी दाखविली. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

विल्यम्स यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेतील रिचमंड येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी वैद्यकाचीही पदवी घेतली. परंतु शस्त्रक्रियेचे आपले कसब त्यांनी माणसांऐवजी रेशमी पतंगांच्या कोशांवर खर्चिले. कीटकाच्या डोक्यात एक सूक्ष्म ग्रंथी असून तिचा स्राव वाहतो तोवर कीटक बालावस्थेतच राहतो, हे विगल्सवर्थ यांनी इंग्लंडात आधीच दाखविले होते. १९५६ साली विल्यम्स यांना नर पतंगाच्या पोटात या स्रावाचा साठाच सापडला. त्याचे सोनेरी तेल लाविलेल्या कोशांतून धड पतंग निपजेना. कीड प्रौढच झाली नाही, तर तिची प्रजा कोठून होणार, हा विचार त्यांस तेव्हाच सुचला.

पुढची हकीकत मोठी मौजेची आहे. १९६५ च्या सुमारास प्राग येथील कारेल स्लामा आपले ढेकूणवर्गीय कीटक घेऊन हार्वर्डला आले. मायदेशी सुखाने वाढणारे ते किडे येथे प्रौढ होईनात. अन्न, पाणी, सर्व तपासून झाले. अखेर दोष निघाला बशीत अंथरलेल्या कागदाचा! अमेरिकी वर्तमानपत्रांचे तुकडे घातले तरी तोच परिणाम होई. लंडनच्या टाइम्सचे घातले तर काहीच होत नसे. (वर्तमानपत्रांचा असाही उपयोग असतो.) अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर वृक्षाचा बने, त्यात त्या स्रावासारखेच द्रव्य होते. ते १९६६ साली बॉवर्स प्रभृतींनी वेगळे केले.

मग रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम नकला घडविल्या. त्यांपैकी मेथोप्रीन १९७५ साली अमेरिकेत मान्य झाले व डासांवर फार उपयोगी पडले. कीटक स्वतःच्याच स्रावाला दाद न देण्यास शिकणार नाहीत, ही विल्यम्स यांची आशा मात्र घरमाश्यांनी काही वर्षांतच खोटी पाडली.

आमच्या भाताला या शोधाचा लाभ थेट का झाला नाही, हे उघड आहे. डासाचा उपद्रव प्रौढपणी, तर खोडकिड्याचा बालपणी. त्याचे बालपण लांबविले तर तो अधिकच खाणार! शिवाय खोडाच्या आत फवारा पोचत नाही. भातावरील तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे बुप्रोफेझिन हे अंतःस्रावाची नक्कल नव्हे. ते कात टाकताना नवे कवच बनू देत नाही. तरी मारण्याऐवजी वाढ अडविण्याची कल्पना तीच.

विल्यम्स १९९१ साली निवर्तले.