मुंबईत विजेची ट्राम येणार, म्हणून वेधशाळा अलिबागला आली! नानाभाई मूस यांची गोष्ट

अलिबागची चुंबकीय वेधशाळा रायगडकरांच्या ऐकण्यातली आहे. पण ती इथं आली कशी, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यामागे होते एक पारशी गृहस्थ, नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९ चा, मुंबईतला. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात आणि पुढे एडिंबरोला. परत येऊन ते एल्फिन्स्टनमध्येच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. साहेबाच्या राज्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. आता चुंबकत्व मोजायचं म्हणजे काय? दूध लिटरमध्ये, सोनं ग्रॅममध्ये, तसं चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये. पण पृथ्वीचं क्षेत्र इतकं दुबळं, की टेस्लाचे शंभर कोटी भाग करून त्यातला एक भाग, म्हणजे नॅनोटेस्ला, हे माप धरावं लागतं. पूर्वी त्याला गॅमा म्हणत. आपल्याकडे जमिनीला समांतर जोर साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो आणि दिवसभरात तो थोडासाच हलतो. मूस जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, सूर्यावरून मोठं वादळ आलं, तेव्हा कुलाब्यात हा आकडा सुमारे १६०० नं घसरला होता. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा अंदाज घेताना कुलाब्याचीच नोंद काढतात.

आणि नेमकं तेव्हाच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, पण सगळी रुळातच राहत नाही, थोडी जमिनीत पाझरते. वीज आली की चुंबकत्व आलंच. कुलाब्याच्या सुया ट्राममुळे हलल्या की सूर्यामुळे, हे मग कुणाला कळणार? साठ वर्षांची नोंद तिथंच बिघडली असती.

ट्राम शहराला हवी होती, ती थांबणार नव्हती. मग मूस यांनी जागाच बदलली. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरचं, रेल्वे नसलेलं अलिबाग निवडलं. आपला काळा दगड इथं चालेना, कारण त्यातही चुंबकत्व असतं. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लाकूड सागवानी, बिजागऱ्या आणि खिळे पितळ-तांब्याचे. लोखंडाला मज्जाव!

खरी हुशारी पुढे आहे. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. नवा तराजू घेतला की दुकानदार जुन्या तराजूशी ताडून बघतो ना, तसंच. त्यामुळे दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक कळला आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता आली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

१८४६ ते १९०५ चे सगळे आकडे मूस यांनी १९१० मध्ये दोन जाड खंडांत छापले. १९१९ ला ते निवृत्त झाले, १९३६ ला वारले. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.